जोडीचा हिशेब

दिवाळी सरली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कातकरी वाड्या ओस पडू लागतात. डोळखांब, किन्हवली, कसारा, टोकावडे, धसई या पट्ट्यातली कुटुंबे मुलाबाळांसह, भांड्याकुंड्यांसह टेम्पोत बसून भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या स्थलांतराविषयी आपण बोलतो ते बहुधा मुलांच्या बुडालेल्या शाळेच्या निमित्ताने, किंवा वेठबिगारीची एखादी बातमी आली म्हणून. त्या सहा-सात महिन्यांत भट्टीवरच्या झोपडीत, जिला भोंगा म्हणतात तिथे, बाईला जी मारहाण होते तिच्याविषयी आपण क्वचितच बोलतो. बोललोच, तर ‘त्यांच्यात ते चालतेच’ आणि ‘दारू पितात ना’ या दोन वाक्यांत विषय संपतो. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. भट्टीवर नवऱ्याच्या हातात बायकोवरची जी सत्ता एकवटते, तिचे मूळ मजुरी कशी ठरते, कुणाच्या नावाने उचलली जाते आणि कशी मोजली जाते यात आहे, असे माझे म्हणणे आहे.

ही पद्धत नीट पाहू. भाताची लावणी संपली, घरातले धान्य सरत आले, आजारपण किंवा सण दारात आला की शेठचा मुकादम वाडीवर येतो आणि बयाणा देतो. बयाणा म्हणजे पुढच्या हंगामाच्या श्रमावर आगाऊ दिलेली रक्कम. ती घेतो पुरुष, पण तिच्या बदल्यात बांधली जाते जोडी. वीट पाडणे हे एकट्याचे काम नाही. कुणी गारा तुडवायचा, कुणी वाहायचा, कुणी साचा भरायचा, आणि वाळत घातलेल्या विटा उलटायला मुलांचेही हात लागतात. मजुरी ठरते हजार विटांमागे, आणि हजार विटांमध्ये बाईच्या विटा किती हे कुणी विचारत नाही. आठवड्याच्या बाजारासाठी खर्ची मिळते, तीही पुरुषाच्या हातात. हंगाम संपला की बयाणा आणि खर्ची वजा जाऊन हिशेब होतो. त्यात काही उरले तर ते पुरुषाला मिळते, अंगावर काही फिरले तर ते पुढच्या वर्षी दोघांनी फेडायचे. बाईने सहा महिने पहाटेपासून काम केलेले असते, पण तिच्या नावावर एक रुपयाही निघत नाही. ऊसतोडीत तर हीच गोष्ट उघड बोलली जाते. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि एकटा मजूर असेल तर त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात.

ही पद्धत नवी नाही, आणि ती आदिवासींची तर मुळीच नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचा आणि ते फेडायला जमीनदाराच्या घरी राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबायची. तिने कर्ज घेतलेले नसे, तिला कुणी विचारलेलेही नसे. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेचे अधिवेशन भरले ते आपल्या शेजारच्या टिटवाळ्याला. त्याच वर्षी तलासरी, उंबरगाव, डहाणू भागातल्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथा मोडून काढल्या. शामराव आणि गोदावरी परुळेकरांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडलेले आहे. पुढे १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने याच जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीचे काम उभे केले. हा सारा इतिहास अभिमानाने सांगावा असाच आहे. पण त्यात एक गोष्ट निसटली. वेठबिगारीतून सोडवताना आपण मालक आणि मजूर या दोघांमधली गाठ सोडवली. त्या गाठीच्या आत दुसरी गाठ होती, मजूर आणि त्याची बायको यांच्यामधली, तिच्याकडे लक्ष गेले नाही. नवरा मालकाचा बांधील होता, आणि त्याच्या बांधिलकीमुळे बायको नवऱ्याची बांधील झालेली होती.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू: ‘त्यांच्यात ते चालतेच.’ कातकरी, ठाकूर, वारली समाजांच्या रीतीभाती जरा जवळून पाहिल्या तर हे विधान टिकत नाही. वारल्यांचे लग्न लावते धवलेरी, म्हणजे एक स्त्री. या समाजांत हुंड्याची रीत नाही. देज आहे, म्हणजे मुलीच्या घरी काही द्यावे लागते. नवरा पटला नाही तर बाई माहेरी येऊ शकते, काडीमोड होऊ शकतो, दुसरे घर करता येते. नवा नवरा पहिल्याचे देज परत करतो आणि पंच ते मान्य करतात. याचा अर्थ तिथे मारहाण नव्हती असा नव्हे, आणि देजामुळेही बाईवर हक्क सांगितला जातोच. पण त्या रीतीत बाहेर पडायला एक दार होते आणि भांडण ऐकायला माणसे होती. गावातल्या पांढरपेशा घरांतल्या कितीतरी स्त्रियांना ते दार परंपरेने दिलेले नाही. भट्टीवर नेमके हेच दार बंद होते. माहेर मागे राहते, पंच मागे राहतात, आणि बाई निघून जायचे म्हणाली तर बयाण्याचे काय हा प्रश्न उभा राहतो. ती गेली तर जोडी मोडते, विटा कमी पडतात, देणे वाढते. त्यामुळे तिला अडवायला नवरा असतोच, मुकादमही असतो, आणि कधी कधी तिचा स्वतःचा भाऊही असतो, कारण त्यानेही त्याच शेठकडून बयाणा घेतलेला असतो. जे रीतीने दिले होते ते मजुरीच्या व्यवहाराने काढून घेतले, आणि नंतर दोष मात्र रीतीला दिला.

दारूचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे चुकीचे ठरेल. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशपातळीवर असे दिसले की ज्यांचे नवरे वारंवार दारूच्या नशेत असतात अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. दारूबंदीसाठी ज्या बायका पुढे येतात त्या हे आकडे न वाचताही जाणतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्याच पाहणीत, नवरा दारूला शिवतही नाही अशा स्त्रियांमध्येही हे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे दारू आग भडकवते, पण सरपण आधीच रचलेले असते. महाराष्ट्रात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सांगितली. आधीच्या पाहणीत हा आकडा २१.३ होता. हा आकडा सगळ्या जातींचा, सगळ्या थरांचा आहे. दर चार घरांत एक, असे ज्या राज्याचे चित्र आहे तिथे हिंसा ही वाडीवरच्या दारुड्यांची खासियत आहे असे मानणे ही स्वतःची समजूत घालणे आहे. शिवाय भट्टीवर खर्ची मिळते पुरुषाच्या हाती, बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी दारू कोणाच्या श्रमावर विकत घेतली जाते, हा प्रश्न आपण दारूबद्दल बोलताना विचारत नाही.

संस्कृतीवर खापर फोडण्याची ही सवय केवळ आपली नाही. अमेरिकेत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या लॅटिनो कुटुंबांतल्या मारहाणीचे कारण कित्येक वर्षे त्यांच्या ‘मर्दपणाच्या कल्पनां’त शोधले गेले. पुढे अभ्यासकांनी दाखवले की कायद्यानेच बाईला नवऱ्याच्या दारात बांधून ठेवले होते. १९८६ च्या तिथल्या कायदा-दुरुस्तीनुसार, लग्नाच्या आधारे देशात आलेल्या बाईला कायम राहण्याची परवानगी मिळण्यासाठी लग्न दोन वर्षे टिकलेले दाखवावे लागे. नवरा मारत असला तरी देशाबाहेर घालवले जाण्याच्या भीतीने ती गप्प राही. किंबर्ले क्रेनशॉ या कायदेपंडित बाईंनी १९९१ च्या आपल्या निबंधात याच बाबीवर बोट ठेवले. १९९४ च्या स्त्रियांविरुद्धच्या हिंसेच्या कायद्याने अशा अनेक स्त्रियांना नवऱ्याला न विचारता स्वतःचा अर्ज करण्याची मुभा दिली. तिथे परवाना नवऱ्याच्या हाती होता, इथे बयाणा आहे. दोन्हीकडे एका बाईचे जगणे तिच्या नवऱ्याच्या नावातून जाते, आणि त्यामुळे नवऱ्याला मारण्याची किंमत चुकवावी लागत नाही.

इथे एक जाणता श्रोता विचारील की बाईच्या हातात मजुरी दिली तर नवरा अधिक चिडणार नाही का? हा आक्षेप पुराव्यावर उभा आहे. राष्ट्रीय पाहणीत कमावत्या स्त्रियांमध्ये हिंसेचे प्रमाण न कमावणाऱ्यांपेक्षा जास्त दिसते. याची एक उकल अशी की गरिबीमुळेच ज्यांना मजुरीला जावे लागते त्या घरांत ताणही जास्त असतो. पण ही उकल पुरेशी नाही, काही ठिकाणी बायकोची कमाई नवऱ्याला खरोखरच खुपते. त्यामुळे कमावणे आणि हाती असणे यांत फरक करायला हवा. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांच्या नावे जमीनही नव्हती आणि घरही नव्हते त्यांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होते. केरळ म्हणजे शहापूर नव्हे, हे मान्य. पण घर जिच्या नावाचे आहे तिला ‘चालती हो’ म्हणता येत नाही, हे तिथे जितके खरे तितकेच इथे. रोजची कमाई हिसकावून घेता येते. सातबाऱ्यावरचे किंवा घराच्या उताऱ्यावरचे नाव हिसकावता येत नाही.

आणि कातकऱ्यांच्या बाबतीत हीच बाजू सर्वांत कच्ची आहे. खैराच्या झाडापासून कात पाडणे हा त्यांचा धंदा इंग्रजी राजवटीतल्या वनकायद्यांनी मोडला, जमीन त्यांच्या वाट्याला जवळपास आलीच नाही, आणि आजही अनेक वाड्या दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर उभ्या आहेत. जिथे नवऱ्याच्याच पायाखालची जमीन त्याची नाही तिथे बायकोच्या नावाचे काय, असे वाटेल. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने एक मोठी गोष्ट करून ठेवली आहे: विवाहित असल्यास वनजमिनीचा दावा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून कातकऱ्यांना घरे मिळू लागली आहेत. या घरांच्या आणि दाव्यांच्या कागदांवर दुसरे नाव खरोखर आहे का, की नुसताच अंगठा घेतला आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखवण्याची मागणी करायला पैसे लागत नाहीत.

कायद्याच्या बाजूनेही आपण समजतो त्यापेक्षा जास्त वाटा खुल्या आहेत. मजुरांच्या स्थलांतराचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. शहापुराहून भिवंडीला जाणारी जोडी त्यात कधी आलीच नाही. पण कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो इथे उपयोगी पडतो. बाई जिथे तात्पुरती राहते तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढेही तिला अर्ज करता येतो. म्हणजे भिवंडीच्या भट्टीवरच्या बाईला त्यासाठी शहापूरला यावे लागत नाही. लग्न लागलेले नसले, पैशाअभावी विधी राहून गेला असला, तरी लग्नासारख्या नात्याने एकत्र राहिलेली बाई या कायद्यात येते; आपल्याकडच्या आदिवासी जोडप्यांसाठी ही तरतूद मोलाची आहे. आणि बाईच्या हक्काचा पैसा तिच्यापासून हिरावणे याला हा कायदा आर्थिक हिंसा म्हणतो. प्रत्यक्षात मात्र राष्ट्रीय पाहणी सांगते की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली. ज्या बाईकडे स्वतःचा फोन नाही, रजेचा दिवस नाही आणि भट्टीच्या बाहेर ओळखीचे माणूस नाही, तिच्याकडे या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने जायला हवे. ती येईल म्हणून कार्यालयात वाट पाहणे निरर्थक आहे.

रेशन आता दुसऱ्या गावी मिळते, लस भट्टीवर पोचते, १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भोंगा शाळा काढून वर्गही भट्टीवर नेले. तेव्हा संरक्षणाची तरतूद हंगामी मजुरांपर्यंत नेता येणार नाही असे म्हणणे पटण्यासारखे नाही. ‘घरातल्या भांडणात मी कशाला पडू,’ असे भट्टीमालक म्हणतील. त्यांना इतकेच विचारायचे की जोडीने काम घेताना ते घर तुम्ही मोजले होते ना? मग हिशेबाच्या वहीत दोन नावे लिहा, खर्ची निम्मी-निम्मी द्या, आणि उरलेली रक्कम बाईच्या खात्यावर तिची तिला द्या. कामगार खात्याने ही वही पाहावी. पण हे सारे भट्टी पेटल्यावर करायला गेले तर उशीर झालेला असतो, कारण तोवर बयाणा खर्च झालेला असतो आणि बाईच्या वाटेवर देणे उभे असते. काम श्रावण-भाद्रपदात करायचे आहे, मुकादम वाडीवर येतो तेव्हा. त्या दिवसांत ग्रामसभा, अंगणवाडी ताई, आशा आणि संघटनेचे कार्यकर्ते वाडीवर असतील, बयाणा ठरताना बाई समोर बसलेली असेल आणि तिची रक्कम वेगळी लिहिली जाईल, तर दिवाळीनंतर टेम्पोत बसताना ती स्वतःच्या करारावर जात असेल.