गुन्हा कशास म्हणावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मय, संगीत आणि नाटक यांवरील व्याख्याने आपण ऐकली. त्या मालिकेत फौजदारी कायद्यासारखा रूक्ष विषय घेऊन उभे राहण्यास थोडे धाडसच लागते. मी वकील नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा नोकर, एवढाच माझा अधिकार. परंतु पोलीस दलात नव्याने दाखल झालेल्या तरुणांना कायद्याची बाराखडी शिकविण्याचे काम काही काळ माझ्याकडे आले. ती बाराखडी शिपायाइतकीच सामान्य नागरिकालाही उपयोगी आहे, अशी माझी खात्री झाली. ती आज आपल्यापुढे मांडतो.

वर्गात पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारीत असे : गुन्हा कशास म्हणावे? उत्तर ठरलेले असे : "वाईट काम करणे म्हणजे गुन्हा." हे उत्तर नीतीच्या दृष्टीने ठीक असेल, कायद्याच्या दृष्टीने ते अपुरे आहे. आईबापांशी खोटे बोलणे वाईटच. पण तो गुन्हा नव्हे. उलट दुसऱ्याची छत्री नेणे हा कधी गुन्हा असतो, तर कधी नुसता विसराळूपणा. मग फरक कोठे पडतो?

आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ भारतीय दंड संहितेने दिले. मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १८३७ साली तिचा मसुदा तयार केला, १८६० साली ती संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. पूर्वी ५११ कलमे होती, आता ३५८ आहेत. चोरीचे कलम ३७८ होते, ते ३०३ झाले; खुनाच्या शिक्षेचे ३०२ होते, ते १०३ झाले. जुन्या नोकरांना नवे आकडे पाठ करावे लागले. परंतु चोरी कशाने चोरी ठरते आणि खून कशाने खून ठरतो, हे बहुतांशी पूर्वीप्रमाणेच राहिले आहे. म्हणून नवशिक्याने आकड्यांआधी घटक शिकावेत.

'घटक' हा शब्द ध्यानात ठेवावा. प्रत्येक गुन्हा काही ठरावीक घटकांचा बनलेला असतो. ते सगळे हजर असतील तरच तो गुन्हा. एक जरी गैरहजर असला तरी तो गुन्हा उभा राहत नाही, मग एखादा दुसरा राहो वा न राहो. चोरीचे घटक पाच. वस्तू जंगम हवी. ती दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात हवी. त्याची संमती नसावी. नेणाऱ्याचा उद्देश अप्रामाणिक हवा. आणि त्या उद्देशाने वस्तू जागेवरून हललेली हवी.

आता छत्रीचे पाहा. पावसाळ्यात या सभागृहाच्या दाराशी तीस काळ्या छत्र्या टांगलेल्या असतात. घाईत कोणी दुसऱ्याची छत्री आपली समजून नेतो. छत्री जंगम आहे, दुसऱ्याची आहे, संमती नाही, ती हललीही आहे. चार घटक हजर आहेत. पण मनात लबाडी नाही. तेव्हा ही चोरी नव्हे. नुसती कृती माणसाला गुन्हेगार ठरवीत नाही, मनही दोषी असावे लागते, अशा आशयाचे एक जुने लॅटिन वचन आहे. फौजदारी कायद्याचा बराचसा डोलारा त्यावर उभा आहे.

'ताबा' हा घटकही वाटतो तितका सोपा नाही. कायद्याच्या ग्रंथात एक दाखला दिला आहे. एकाने घड्याळ दुरुस्तीस दिले. दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत, म्हणून कारागिराने ते हक्काने अडकवून ठेवले. तारण बुडविण्याच्या उद्देशाने मालकाने ते गुपचूप उचलून नेले. घड्याळ त्याचे स्वतःचे, तरीही ही चोरी आहे! कायदा येथे मालकीपेक्षा ताब्याकडे पाहतो. दुसरा दाखला झाडाचा. उभे झाड जमिनीला जखडलेले, म्हणून त्याची चोरी होत नाही. परंतु नेण्याच्या लबाड उद्देशाने परवानगीवाचून ते तोडले की त्याच क्षणी चोरी पुरी होते, फांदी घरी पोचलेली नसली तरी.

"परत आणून ठेवले, मग चोरी कसली?" हा प्रश्नही वर्गात हमखास येई. राजस्थानात एका सरकारी कचेरीतील अधीक्षकाने एक फाईल घरी नेली, मित्राला तीत कागदांची अदलाबदल करू दिली आणि ती परत जागेवर ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ही चोरीच ठरविली; थोड्या वेळापुरते नेणेही पुरते. त्याआधी १९५२ साली जोधपूर येथील हवाई दलाच्या अकादमीतील एका प्रशिक्षणार्थीने परवानगीवाचून विमान उडविले आणि ते पाकिस्तानात उतरविले. तेथेही १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चोरीचाच निर्णय दिला. घटक तेच, वस्तू छत्री असो की विमान.

आता चोरीच्या वरच्या पायऱ्या पाहू. आपल्या मराठीत एक फार चांगला शब्द आहे : 'जबरी चोरी'. जबरदस्ती अधिक चोरी, असे घटक त्या नावातच सांगितलेले आहेत. हिंदी प्रांतांत त्याच गुन्ह्याला 'लूट' म्हणतात. आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून ती केली किंवा करण्याचा प्रयत्न केला, की तो दरोडा होतो. चौघे असतील तर दरोडा नाही. २०२४ पासून या शिडीत एक नवी पायरीही आली आहे. झटकन हिसकावून नेणे हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा झाला आहे. गळ्यातील मंगळसूत्र ओढून पळणाऱ्यास पूर्वी नुसती चोरी लावावी की जबरी चोरी, हा घोळ वारंवार होई; तो यामुळे कमी व्हावा.

या पायऱ्या समजण्यासाठी मी वर्गात आमराईचे उदाहरण देत असे. महाविद्यालयातील पाच तरुण रात्री दुसऱ्याच्या आमराईत शिरतात आणि आंबे तोडतात. एवढ्यावर ही चोरी झाली. इतक्यात राखणदार धावून येतो. एक तरुण दगड मारतो आणि राखणदाराचे डोके फुटते. आता काय झाले?

वर्गातून एकमुखाने उत्तर येई : "दरोडा!" पाच जण, चोरी आणि मारहाण, हिशेब जुळला असे त्यांना वाटे. मी म्हणत असे, थांबा, अजून तीन प्रश्न विचारायचे आहेत. दगड मारला तेव्हा आंबे कोठे होते? आंब्यांची पिशवी घेऊन जाता यावे म्हणून दगड मारला असेल, तर ती जबरी चोरी. कारण इजा चोरीच्या कामासाठी केली. परंतु आंबे तेथेच टाकून, केवळ आपला जीव घेऊन पळण्यासाठी दगड भिरकावला असेल, तर चोरी निराळी आणि इजा निराळी. त्यांची बेरीज जबरी चोरी होत नाही. दुसरा प्रश्न, बाकीचे चौघे त्या दगडात सामील होते काय? की ते आधीच कुंपणापलीकडे गेले होते? तिसरा प्रश्न, मुळात ते पाच होते हे कोणी मोजले, आणि कोणत्या उजेडात?

हे प्रश्न शब्दच्छल नव्हेत. साध्या चोरीची शिक्षा पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, जबरी चोरीची दहा वर्षांपर्यंत, दरोड्याची जन्मठेपेपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, तिची गरज कारणांसह नोंदवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले आहे. दरोड्याला ही मर्यादा लागू नाही. म्हणजे तो विशीतला मुलगा नोटीस घेऊन आपल्या घरी जाणार की कोठडीत जाणार, हे त्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. आणि ते प्रश्न प्रथम विचारणारा माणूस न्यायाधीश नसतो, वकील नसतो. रात्रपाळीचा पोलीस असतो. तितकेच महत्त्व राखणदाराच्या बाजूचेही आहे. त्याची जखम मामुली म्हणून सोडून दिली आणि खरोखरची जबरी चोरी साध्या चोरीत लिहिली, तर त्या गरिबाला न्याय कोठून मिळणार?

मनाची परीक्षा सर्वांत अवघड होते ती मनुष्यवधात. मृत्यू एकच, पण ठार मारण्याचा उद्देश होता, की मृत्यू ओढवेल एवढी जाणीव होती, की केवळ बेपर्वाई होती, यावरून खून, सदोष मनुष्यवध आणि हयगयीने घडलेला मृत्यू असे निरनिराळे गुन्हे होतात. एप्रिल १९५९ मधील मुंबईचे नानावटी प्रकरण आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे खुनाचा सदोष मनुष्यवध होऊ शकतो. परंतु पत्नीची कबुली ऐकल्यावर नानावटींनी कुटुंबाला चित्रपटगृहावर सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग ते आहुजांकडे गेले. मध्ये सुमारे तीन तास लोटले. प्रक्षोभ गंभीर होता, पण मन ताब्यात येण्याइतका वेळ मिळाला होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली खुनाची शिक्षा कायम केली.

येथे उद्देश आणि हेतू यांतील भेदही सांगितला पाहिजे. आजारी मुलासाठी बाप दुकानातून औषध चोरतो. त्याचा हेतू मन हेलावणारा आहे. पण दुसऱ्याची वस्तू पैसे न देता नेण्याचा उद्देश स्पष्ट आहे. गुन्हा उद्देशाने सिद्ध होतो. हेतूचा विचार न्यायाधीश शिक्षा देताना करतील. पोलिसाने दोन्ही प्रामाणिकपणे लिहून ठेवावे.

मन दोषी असले तरी पाऊल कितपत पुढे पडले हेही पाहावे लागते. १९६१ साली पंजाबातून परवान्यावाचून दिल्लीकडे भात नेणारी मालमोटार समालखा नाक्यावर, सरहद्दीच्या अलीकडेच, अडविण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, ही तयारी झाली, प्रयत्न नव्हे. चालकाचे मन बदलून तो मागे फिरू शकला असता. कायदा मनुष्याला मागे फिरण्याची संधी देतो, हे मला फार मोलाचे वाटते. दरोड्याची नुसती तयारी मात्र शिक्षापात्र आहे. तेथे समाजाला वाट पाहणे परवडत नाही.

काही कायद्यांत मनाचा विचार जवळजवळ बाजूला ठेवलेला असतो. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेला एक विमानप्रवासी मुंबईत सांताक्रूझ विमानतळावर ३४ किलो सोन्यासह सापडला. सोन्याविषयीचा नवा निर्बंध आपल्याला ठाऊक नव्हता, हे त्याचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली बहुमताने फेटाळले. परंतु पुढल्याच वर्षी मध्य प्रदेशातील एका धान्य व्यापाऱ्यास त्याच न्यायालयाने सोडले. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, शुल्क भरले होते आणि परवाना मिळालाच अशा प्रामाणिक समजुतीने तो व्यवहार करीत होता. कायद्याने स्पष्टपणे अगर अपरिहार्यपणे वगळलेले नसेल तर दोषी मन हा घटक गृहीतच धरावा, हा सर्वसाधारण नियम होय. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा होत नाही. तेथे दोषी मन असूच शकत नाही, असे कायदा मानतो.

मंडळींनो, यातून आपण काय घ्यावे? आपण परप्रांतात राहणारे लोक. घरी चोरी झाली की ठाण्यावर जाऊन "आमच्या घरावर दरोडा पडला" असे आपण सहज म्हणतो. बंद घराचे कुलूप फोडून कोणी आत शिरला, तर ती घरफोडी आहे. मराठीत आपण 'लुटले' म्हणतो ते मनस्तापाने. हिंदी प्रांतातील फौजदार त्या शब्दाला कायद्याचा अर्थ लावतो. तेव्हा फिर्याद देताना गुन्ह्याचे नाव सांगू नये. जे घडले ते सांगावे. कोण, केव्हा, कोठे, काय केले, आपण स्वतः पाहिले काय आणि ऐकीव काय. नाव देण्याचे काम कायद्याचे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे बंधनकारक आहे, असे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आहे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली, तरी आता ती नोंदवावी लागते. पंच म्हणून बोलावणे आले, तर जे डोळ्यांसमोर झाले त्यावरच सही करावी.

आणि नवशिक्या पोलिसाने काय घ्यावे? पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. हा नियम जुन्या कायद्यात होता, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे आरोपीच्या तोंडून काय वदवून घेतले याला न्यायालयात किंमत नाही. प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र पुरावा कष्टाने गोळा करावा लागतो. घटक शिकलेल्या पोलिसाला कोणता प्रश्न विचारावा हे कळते. न शिकलेल्याला कोणते तरी कलम लावण्याची घाई होते, आणि मग कलमाला साजेसा पुरावा शोधण्याचा मोह होतो. पहिल्या रीतीने गुन्हेगाराला शिक्षा होते. दुसऱ्या रीतीने निरपराध्याची वर्षे वाया जातात आणि खरा गुन्हेगार पुराव्याअभावी सुटतो.

एवढ्यासाठीच ही बाराखडी.  पन्नास वर्षे परमुलखात मराठी माणसाला एकत्र ठेवणाऱ्या या मंडळाचा शतकमहोत्सवही अशाच उत्साहात साजरा होवो, अशी प्रार्थना करून रजा घेतो.