मधला ओटा



मराठी घरातल्या जुन्या ओट्यावर कडप्पा असायचा आणि जमिनीवर शहाबादी फरशी. दोन्ही मुळात गावांची नावं. कडप्पा आंध्रातलं, शहाबाद गुलबर्ग्याकडचं, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातलं. त्यामुळे हैदराबादेत, काचीगुड्याच्या आमच्या घराचं काम काढलं तेव्हा दगड याच मुलखातला घ्यायचा हे ठरलेलंच होतं. बोलणं अडलं ते ओट्यावर. सूनबाईंना स्वयंपाकघराच्या मधोमध, चारी बाजूंनी मोकळा ओटा हवा होता. हल्ली त्याला आयलंड म्हणतात. मला तो पटला माझ्या आईमुळे. तिचा जन्म भिंतीकडे तोंड करून रांधण्यात गेला. आम्ही तिच्या पाठीकडे बघून बोलायचो आणि ती फोडणीकडे बघत उत्तर द्यायची.

काम सुरू होण्याआधी आम्ही पुठ्ठ्याची खोकी रचली, वर दाराची जुनी फळी टाकली आणि चार दिवस त्याभोवती वावरलो. माप ५ फूट बाय अडीच फूट. पहिल्याच दिवशी कळलं, फ्रीज उघडला की मागचा माणूस अडकतो. खोकी सरकवली. भोवती ३ फूट वाट ठेवली आणि शेगडीच्या बाजूला साडेतीन. तापलेला कुकर घेऊन वळायला तेवढी लागतेच. खोलीत एवढी जागा नसेल तर हा ओटा बांधूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला उंचीवर. भिंतीकडचा ओटा ३४ इंचांचा. माझी पत्नी ४ फूट १० इंच. त्यात पोळपाटाची उंची मिळवा, म्हणजे लाटणं ३६ इंचांवर जातं आणि खांदे उचलून पोळ्या लाटाव्या लागतात. तिनं फळीवर पोळपाट ठेवून लाटून पाहिलं, खोकी बदलायला लावली, पुन्हा लाटून पाहिलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली : ३० इंच.

एक चूक झालीच. मधल्या ओट्यावर मिक्सर लावायचा तर वायरची नळी जमिनीतून, फरशी बसण्याआधी न्यावी लागते. आम्हाला ते नंतर सुचलं. दोन नव्याकोऱ्या फरश्या फोडाव्या लागल्या. शेगडी आणि सिंक भिंतीकडेच ठेवलं होतं, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

मनात तांडूरचा दगड होता. पण तांडूर, शहाबाद, कडप्पा हे सगळे चुनखडीचे. लिंबू किंवा चिंचेचा कोळ सांडला की डाग धरतात. आणि चिंच इथे रोजची. म्हणून प्रकाशम जिल्ह्यातल्या चीमकुर्तीचा काळा, सोनेरी ठिपक्यांचा ग्रॅनाइट घेतला. २० मिलिमीटर जाडीचा तो एकच दगड ६० किलोंच्या वर भरतो. घर वरच्या मजल्यावर, म्हणून खाली विटा न रचता लोखंडी चौकट बसवली. चौघांनी दगड अलगद टेकवला. मेस्त्रींनी वर पाणसळ ठेवली, एका कोपऱ्याखाली पातळ पत्र्याची चकती सरकवली, आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत कोणी हात काढला नाही.

आता तिथे पत्नी पोळ्या लाटते आणि समोर नातू मटार सोलत शाळेतलं सांगत असतो. तुमच्याकडे असं काम निघालं तर सुताराला माप देण्याआधी, घरात पोळ्या लाटणाऱ्या माणसाला पोळपाट घेऊन उभं करा आणि उंची तिथे मोजा.