भात वेळणं आणि पेज पिणं



आपल्या मराठीत शेतात उभं असतं तेही भात आणि ताटात वाढलं जातं तेही भात. मधल्या अवस्थेला तेवढं आपण तांदूळ म्हणतो. जपानी माणूस याच्याही पुढं गेला आहे. त्याच्या भाषेत ‘गोहान’ म्हणजे शिजवलेला भात आणि गोहान म्हणजेच जेवण. सकाळची न्याहारी हा त्याचा ‘सकाळचा गोहान’, मग त्या दिवशी त्यानं पावाचा तुकडा खाल्लेला असला तरीही! थायलंडमध्ये जेवायला बसणं म्हणजे ‘भात खाणं’. बंगालमध्येही ‘भात खाल्लास का?’ असं विचारलं, की ती जेवणाचीच चौकशी समजायची.

एवढे सगळे भात खाणारे, पण प्रत्येकाची रीत वेगळी. ती ओळखायची खूण कोणती, असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, भाताच्या पाण्याचं काय करतात ते बघा. म्हणूनच आज मी तुमच्याशी बोलणार आहे, ते भाताबद्दल थोडं आणि त्याच्या पाण्याबद्दल जास्त.

जपान, चीन, कोरिया या देशांत पाणी बेतानं घालायचं, झाकण ठेवायचं आणि ते सगळं भातातच जिरवायचं. तिथला रोजचा तांदूळ शिजल्यावर शिताला शीत धरून राहतो, म्हणून तर काड्यांनी घास उचलता येतो. लाओसमध्ये आणि थायलंडच्या ईशान्य भागात त्याहून चिकट तांदूळ रोजच्या जेवणात असतो. तो काही तास भिजत घालतात आणि बांबूच्या टोपलीत नुसत्या वाफेवर शिजवतात. मग हातानं त्याचा छोटा गोळा करून चटणीत बुडवून खायचा.

हा चिकटपणा येतो कुठून? तांदळातल्या पिठूळ भागात, म्हणजे स्टार्चमध्ये, दोन प्रकारचे घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त, तर भात मोकळा. ते जवळजवळ नसलंच, तर लाओसच्या भातासारखा गोळा.

इराणात अगदी उलट. तिथं तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवून, भरपूर आधणात अर्धवट शिजवून, पाणी काढून टाकतात. मग भांड्याच्या बुडाशी तूप किंवा तेल घालून तो वाफेवर ठेवायचा, झाकणाला फडकं बांधून. शीत न् शीत सुटं होतं आणि बुडाशी सोनेरी, कुरकुरीत थर धरतो. त्याला ‘तहदीग’ म्हणतात. आपण जिला खरवड म्हणून बाजूला सारतो, ती तिथं पाहुण्याला मानानं वाढतात. कोरियात या खरवडीवर गरम पाणी ओतून जेवणानंतर ते पितात. अन्न वाया घालवायचं नाही, हा विचार मात्र दोन्हीकडं एकच.

आता आपल्या कोकणाकडं या. मी रत्नागिरी जिल्ह्यातली. आमच्याकडं भात ‘वेळत’ असत. ऐनवेळचा नव्हे हं, वेळणं म्हणजे भात शिजत आला, की वर झाकण धरून तपेलं तिरकं करायचं आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. ते फेकायचं नाही. मीठ घालून प्यायचं, आजाऱ्याला द्यायचं, लेकराला द्यायचं. उकड्या तांदळाची शितांसकट पेज म्हणजे शेतावर राबणाऱ्याची न्याहारीच. गोव्यात तीच पेज, सोबत लोणचं किंवा सुकी मासळी. तमिळनाडूत आणि केरळात तिला कंजी म्हणतात. इंग्रज ज्याला ‘काँजी’ म्हणतात, तो शब्द मूळचा आपल्या दक्षिणेतलाच.

शेतकऱ्याच्या या साध्या पेजेत काय होतं, हे जगाला कळायला फार मोठी किंमत मोजावी लागली. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या. तांदूळ पांढराशुभ्र, झुळझुळीत मिळू लागला. पांढरा भात खाणं हे सुखवस्तूपणाचं लक्षण झालं. आणि त्याबरोबर बेरीबेरी पसरली. पाय सुजायचे, हातापायांतलं बळ जायचं, शेवटी हृदय थकायचं. १८८२-८३ साली जपानच्या ‘र्‍यूजो’ या नौदलाच्या जहाजावर ३७६ जणांपैकी १६९ जणांना हा रोग झाला आणि २५ जण दगावले. नौदलातले डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी आहाराकडं बोट दाखवलं. १८८४ साली त्याच मार्गावर दुसरं जहाज गेलं, तेव्हा जेवणात बदल केला आणि बेरीबेरीनं एकही मृत्यू झाला नाही. कारण त्यांनी वेगळंच मानलं होतं, पण उपाय बरोबर लागू पडला.

पुढं जावा बेटावर डच डॉक्टर आयकमन यांना दिसलं, की सडून-घासून पांढरा केलेला भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ खाल्ला की बऱ्या होतात. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. कोंड्यातलं ते द्रव्य म्हणजे आज आपण ज्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो ते.

यात उकडा तांदूळ कुठं येतो? साळीच भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडतात. वाफवताना कोंड्याकडचं ब-१ दाण्याच्या आत मुरतं. मग गिरणीनं वरचा कोंडा काढला, तरी बरंच शिल्लक राहतं. मलायातल्या मळ्यांवर आणि खाणींत हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. उकडा भात खाणाऱ्या तमिळ मजुरांत बेरीबेरी क्वचित, पांढरा खाणाऱ्या चिनी मजुरांत ती सर्रास. आणखी एक गोष्ट, हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. म्हणजे भात वेळून पाणी मोरीत ओतलं, तर त्यातलं काही वाहून जातं. पेज पिणाऱ्यानं ते परत घेतलं.

पण या पाण्याची एक आठवण फार जड आहे. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात गेलेल्यांचे अंदाज २० ते ३० लाखांच्या घरात आहेत. खेड्यांतली माणसं कलकत्त्याच्या रस्त्यांवर आली. दारोदार त्यांनी भात मागितला नाही. भात कोण देणार? त्यांनी मागितलं ते ‘फॅन’, म्हणजे भात वेळल्यावर उरलेलं पाणी. ज्या घरात भात शिजतो, त्या घरात फेकायला का होईना पाणी असेल, एवढीच त्यांची आशा होती.

हे आठवलं, की भाताच्या पांढरेपणाचं कौतुक मला करवत नाही. आज आपल्याकडं कुकर आहे, पाणी त्यातच जिरतं, हे चांगलंच. पण लांबसडक, शुभ्र दाणा पाहुण्यांसमोर आणि जाडा, तांबूस उकडा मात्र लपवून, ही लाज कशासाठी? ज्याच्या ताटात डाळ, भाजी, दूध, अंडी रोज आहेत, त्याचं पांढऱ्या भातानं फारसं बिघडणार नाही. ज्याचं पोट मुख्यतः भातानंच भरतं, त्याच्यासाठी मात्र तांदूळ कसा सडला आणि पाणी कुठं गेलं, हा चवीचा प्रश्न उरत नाही, तब्येतीचा होतो.

म्हणून गृहिणींना आणि स्वयंपाक करणाऱ्या पुरुषांनाही माझं सांगणं एवढंच. आठवड्यातून दोनदा उकडा तांदूळ घरात शिजू द्या. तो शिजायला वेळ घेतो, तेव्हा आधी भिजत घाला. तांदूळ धुवा, पण चोळून चोळून पाच-पाच पाणी बदलू नका. भात वेळलाच, तर पाणी मोरीत न ओतता आमटीत घाला, नाहीतर चिमूटभर मीठ टाकून प्या. आणि मुलांनी विचारलं, की हे काय, तर त्यांना पेज हे नाव सांगा. नाव टिकलं, तर रीतही टिकेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)