अर्धा दिवस मँडरिनचा

अमेरिकेतल्या युटा राज्यात काही प्राथमिक शाळांमध्ये पहिलीपासूनच मुलं अर्धा दिवस इंग्रजीत शिकतात आणि अर्धा दिवस चिनी भाषेत, म्हणजे मँडरिनमध्ये. २००८ साली तिथे त्यासाठी कायदा झाला. तेव्हाचे गव्हर्नर जॉन हंट्समन स्वतः तरुणपणी तैवानमध्ये राहून ही भाषा शिकलेले. पुढे ते चीनमध्ये अमेरिकेचे राजदूतही झाले.

वर्ग दोन, शिक्षकही दोन. चिनी वर्गातल्या बाई हातवारे करतील, चित्रं दाखवतील, नक्कल करतील, पण बोलणार मँडरिनच! सुरुवातीच्या इयत्तांत गणितही त्याच शिकवतात. चिनीत अकरा म्हणजे ‘दहा-एक’, एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’. एकोणसाठ की एकोणसत्तर, यात अडखळणाऱ्या आपल्या पोरांना हेवाच वाटावा.

लिहिताना मात्र कस लागतो. चौकटींच्या वहीत आधी वरची रेघ, मग खालची. आधी डावी, मग उजवी. हा क्रम मोडायचा नाही. ‘देश’ या अर्थाचं अक्षर काढताना आधी तीन बाजूंची चौकट, मग आतला भाग, आणि तळाची रेघ अगदी शेवटी. बाराखडीच नाही, त्यामुळे एकेक अक्षर घोटूनच पाठ करायचं.

भाषेबरोबर रीतीभातीही येतात. वसंतोत्सवातली, म्हणजे चिनी नववर्षाच्या सणातली लाल पाकिटं आणि कंदील मुलांना आवडतातच. पण मला विचाराल, तर वस्तू दोन्ही हातांनी देण्याघेण्याची चिनी रीत त्याहून जास्त शिकवून जाते. आणि अभ्यासाचं म्हणाल, तर चौथीपासून गणित बहुतांशी इंग्रजीकडे जातं. मँडरिन चालूच राहते.