प्लॅस्टिकवर रंग कसा टिकेल?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, तान्ह्या पोळ्याला, घाटंजीसारख्या वऱ्हाडांतील गांवांत लहान मुलें लांकडी बैल घेऊन निघतात. बैल जुनाच असला तरी त्यावर नवा रंग चढतो आणि टिकतोहि. मात्र त्याच रंगानें एखाद्यानें मोबाईलचें प्लॅस्टिकचें कव्हर रंगविलें, तर थोड्याच दिवसांत त्याचे पापुद्रे निघूं लागतात. रंग तोच, हातहि तोच. मग फरक कोठें पडला?

लांकूड सच्छिद्र असतें. रंग त्याच्या रंध्रांत शिरून वाळतो व तेथेंच धरून बसतो. प्लॅस्टिकला अशीं रंध्रें नाहींत. शिवाय सिलिकोन व पॉलिप्रॉपिलीन ह्या जातींवर, अळवाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, तसा रंग ठरत नाहीं. म्हणून पहिलें काम रंग आणण्याचें नव्हे, कव्हराची जात ओळखण्याचें. कडक, न वांकणारें कव्हर बहुधा पॉलिकार्बोनेटचें असतें. तें रंगकामास योग्य. मऊ, वांकणारें कव्हर पुष्कळदां टीपीयूचें असतें. त्यावर रंग बसला तरी फोन काढतां-घालतांना त्यास भेगा पडतात. रबरासारखें सिलिकोनचें कव्हर असल्यास ह्या उद्योगाच्या नादीं न लागणेंच बरें.

बैलाचीं शिंगें रंगविण्यापूर्वीं शेतकरी तीं घासून साफ करतो. तोच न्याय येथें लागू आहे. कव्हर प्रथम साबणाच्या कोमट पाण्यानें धुवावें. हाताचें तेल रंगाचा मोठा शत्रु होय. वाळल्यावर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनें, चकाकी जाईपर्यंत, हलक्या हातानें घासावें. त्या बारीक ओरखड्यांतच रंगाला आधार सांपडतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानें पुसून घ्यावें. नखांचा रंग काढण्याचें द्रव येथें वापरूं नये. त्यांत पुष्कळदां असणाऱ्या अॅसिटोननें पॉलिकार्बोनेट धुरकट होऊन तडकतें. यानंतर पृष्ठभागास बोट न लावतां प्लॅस्टिकसाठीं मिळणाऱ्या प्रायमरचा पातळ थर द्यावा.

फवाऱ्याच्या डब्याची युक्ति नॉर्वेच्या एरिक रोथाइम ह्यानें १९२७ सालीं काढली. त्यांत रंग भरण्याची कल्पना अमेरिकेंतील एडवर्ड सेमूर ह्यानें १९४९ सालीं अमलांत आणली. डबा दोन मिनिटें नीट हलवावा, एका वितीहून थोडा दूर धरावा आणि फवारा कव्हराच्या कडेबाहेर सुरू करून पलीकडच्या कडेबाहेर थांबवावा. एका जाड थराचे ओघळ होतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानें तीन पातळ थर द्यावेत आणि शेवटीं पारदर्शक वार्निश द्यावें. बोटाला रंग लागला नाहीं म्हणजे तो पक्का झाला, असें नव्हे. आठवडाभर कव्हर तसेंच ठेवून मगच त्यांत फोन घालणें चांगलें.

कडक पारदर्शक कव्हरासाठीं आणखी एक रीत आहे. जुन्या घरांतून कांचेच्या मागील बाजूनें रंगविलेलीं देवादिकांचीं चित्रें असत. तसा रंग कव्हराच्या आंतून द्यावा. मात्र अशा वेळीं कव्हर घासूं नये, प्रथम नक्षी व नंतर पार्श्वभूमि असा उलटा क्रम ठेवावा. मग हाताची झीज प्लॅस्टिक सोसतें, रंग नव्हे.

हवामानाचा विचारहि महत्त्वाचा. विदर्भाच्या कडक उन्हाळ्यांत फवाऱ्याचे थेंब वाटेंतच सुकतात व पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत होतो. पावसाळ्याच्या दमट हवेंत रंगावर पांढुरकी छटा येते. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ ह्या कामास सर्वांत सोयीची.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जीविताची. डब्यांत रंगाला ढकलणारा वायु पुष्कळदां स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायूच्याच जातीचा, ज्वालाग्राही असतो. त्यामुळें बंद खोलींत, चुलीजवळ, समईजवळ वा पेटत्या उदबत्तीजवळ हें काम कदापि करूं नये. गच्ची किंवा अंगण हीच त्याची जागा. साध्या कापडी पट्टीनें रंगाचे कण थोडेबहुत अडतात, द्रावकाची वाफ अडत नाहीं. त्यासाठीं कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. पन्नास अंशांवर तापेल अशा जागीं, म्हणजे पत्र्याखालीं किंवा उन्हांत उभ्या मोटारींत, डबा ठेवूं नये. रिकामा झाला तरी त्यास भोंक पाडूं नये आणि कचऱ्याबरोबर जाळूं नये. मुलांनीं नक्षी आंखावी, चिकटपट्टी लावावी. डबा मात्र मोठ्या माणसाच्या हातीं असावा.

हिशेब केला, तर ह्या सर्व साहित्याच्या किंमतींत एखादें नवें कव्हर सहज येईल. तथापि जुनी, धड वस्तु फेंकून न देतां तिला आपल्या आवडीचें रूप देणें, ह्यांत जें शिक्षण आहे तें विकत मिळत नाहीं. रंग फवारण्यास कांहीं मिनिटें पुरतात; तो टिकतो कीं नाहीं, हें मात्र त्याच्या आधींच्या घासण्यावर आणि नंतरच्या थांबण्यावर ठरतें.