वेबवरील पत्त्यांचें स्थैर्य

लहान मुलांना हिंसक व्हिडिओ-खेळ विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं रद्द ठरविला. त्या वेळीं न्यायमूर्ति सॅम्युअल ॲलिटो यांनीं आपल्या स्वतंत्र मतपत्राच्या एका तळटीपेंत आधारादाखल वेबवरील एक पत्ता दिला होता. पुढें त्या पत्त्याची नोंदणी संपली. कोणा खट्याळानें तो विकत घेतला आणि वेबवरील आधार किती क्षणभंगुर असतात असा न्यायमूर्तींनाच टोमणा मारणारें पान तेथें लावून दिलें! हार्वर्ड येथील संशोधकांनीं नंतर तपासणी केली, तेव्हां त्या न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारें ५० टक्के पत्ते मूळ मजकुरापर्यंत पोंचत नाहींत असें आढळलें.

वाचणारा माणूस असला तर पान भलतेंच आहे एवढें तरी त्याला कळतें. जोडलेल्या माहितीची गोष्ट निराळी. जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेंत १९८९ सालीं वेबची कल्पना मांडणारे टिम बर्नर्स-ली यांनीं २००६ सालीं असा नियम सुचविला कीं, गांव, ग्रंथ, व्यक्ति अशा प्रत्येकास वेबवर स्वतःचा पत्ता असावा. मग ‘अमुक ग्रंथाचा कर्ता अमुक’ हें विधान म्हणजे पत्त्यांची एक साखळी होते, आणि यंत्र तिच्या आधारें एका ग्रंथालयाच्या यादींतून दुसऱ्या संस्थेच्या नोंदींत जातें. कडी तुटली तर यंत्र अडतें, हें त्यांतल्या त्यांत बरें. जुना पत्ता दुसऱ्याच वस्तूला दिला गेला तर तें खोटी माहिती खरी मानून पुढें चालतें.

पत्ते आपोआप बदलत नाहींत. माणसें ते बदलतात. म्हणून लेखकाचें नांव, विषय, फाइलीचा प्रकार असे बदलणारे तपशील पत्त्यांत घालूं नयेत, असें बर्नर्स-ली यांनीं १९९८ सालींच लिहिलें होतें. २०१२ सालीं सुरू झालेल्या विकिडेटांत मुंबईचा क्रमांक क्यू ११५६ आहे. औरंगाबादचें २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें. पण अशा पद्धतींत नांव बदललें म्हणून क्रमांक बदलण्याचें कारण उरत नाहीं.

संशोधनपर लेखांना दिला जाणारा डीओआय क्रमांकही असाच. प्रकाशक बदलला तर मध्यवर्ती नोंदवहींत नवा पत्ता लिहावयाचा. वाचकाच्या हातचा क्रमांक तोच राहतो. अर्थात् ती नोंदवही कोणीतरी राखावी लागते, आणि खरी अडचण तेथेंच आहे. ओसीएलसी या ग्रंथालय-संस्थेनें १९९५ सालीं ‘पर्ल’ नांवाचे कायमचे पत्ते देण्याची सोय सुरू केली. २०१६ सालीं तिनें हें काम इंटरनेट आर्काइव्हकडे सोंपविलें, तें जुने पत्ते चालू ठेवण्याच्या व्यवस्थेसह.