‘पे’ या शब्दाची कुळकथा



व्युत्पत्ती सांगणे हे पंडितांचे काम. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. पण ज्या शब्दासाठी आमचे आयुष्य गेले, त्याचे कूळ तरी आम्ही विचारावे की नाही? तो शब्द म्हणजे इंग्रजी ‘पे’.

हा शब्द इंग्रजीत सुमारे 1200 च्या आसपास जुन्या फ्रेंचमधून आला. तेव्हा पैसे देणे एवढाच त्याचा अर्थ नव्हता. संतुष्ट करणे असाही होता. फ्रेंचच्या मागे लॅटिन. तिथे ‘पाक्स’ म्हणजे शांतता, तह. त्यावरून ‘पाकारे’, शांत करणे. देणेकऱ्याने पैसे चुकते करून घेणेकऱ्याला शांत करावे, असा अर्थ पुढे त्याला आला.

हेच ‘पाकारे’ पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ झाले! पोर्तुगीज वसईत 1534 पासून 1739 पर्यंत होते, गोव्यात तर 1961 पर्यंत. चावी, पाव, बटाटा यांच्याबरोबर हाही शब्द आपण त्यांच्याकडून घेतला. तिकडचे क्रियापद इकडे नाम झाले. म्हणजे साहेबाचा ‘पे’ आणि मजुराचा ‘पगार’ एकाच घरचे.

अर्थात, ध्वनी जुळला म्हणजे नाते जुळतेच असे नाही. जहाजाच्या फटींना डांबर फासण्यालाही इंग्रजीत ‘पे’च म्हणतात, पण तो शब्द लॅटिनमधल्या डांबराच्या नावावरून आला. त्याचा पगाराशी काही संबंध नाही.

‘पाकारे’ला दुसरी धारही होती. ज्यूलियस सीझर गॉल देशाविषयी हा शब्द वापरतो, तेव्हा अर्थ होतो तलवारीने नमवणे. शांत करण्याचे असे दोन मार्ग: हक्काचे देऊन, नाहीतर तोंड दाबून. गिरणगावाने दोन्ही पाहिले आहेत.

‘पाक्स’च्या मुळाशी बांधणे या अर्थाचा प्राचीन धातू विद्वान मानतात, संस्कृत ‘पाश’ही त्याच कुळातला. करार दोघांनाही बांधतो. 1936 च्या कायद्याने मालकाला तारीख बांधून दिली: हजारांहून कमी कामगार असतील तर सातव्या, नाहीतर दहाव्या दिवसाच्या आत पगार.

शब्दाचे मूळ सापडल्याने हक्क मिळत नाही. तो संघटनेनेच मिळवावा लागतो. पण पगार ही मेहरबानी नव्हे, तो दोन पक्षांमधला तह आहे. एकाने तह मोडल्यावर दुसऱ्याने शांत राहावे, असे कोणत्या तोंडाने सांगणार?